ऐपत, गरज आणि प्रवेश : अमेरिकेतील खाजगी महाविद्यालयांच्या अर्थसाह्याचा इतिहास

१

गरीब विद्यार्थ्यास शिक्षणसंस्थेने साह्य करावे, याविषयी कोणत्याही काळात फारसा मतभेद झालेला दिसत नाही. मतभेद होतो तो पुढच्या पायरीवर. गरीब कोणास म्हणावयाचे, त्याची गरज किती हे कोणी व कोणत्या मापाने ठरवावयाचे, आणि ठरलेली गरज भागविण्यास संस्था कितपत बांधलेली आहे, हे प्रश्न उपस्थित झाले की दयाबुद्धीचे क्षेत्र संपते. हिशेबाचे, कायद्याचे आणि संस्थांच्या परस्परसंबंधांचे क्षेत्र सुरू होते. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांच्या व्यवहारात 'नादारी' हा शब्द दीर्घकाळ रूढ होता. पालकाने आपली गरिबी दाखवून द्यावयाची आणि संस्थेने फी अंशतः वा पूर्णतः माफ करावयाची, इतका तो साधा व्यवहार होता. अमेरिकेतील खाजगी महाविद्यालयांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या व्यवहाराचे एक शास्त्रच बनविले. कुटुंबाची ऐपत मोजण्याची सूत्रे त्यांनी तयार केली, ती सर्वांनी सारखी वापरावी म्हणून संघ स्थापिले, आणि या संघांवरूनच पुढे त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले.

येथे 'खाजगी महाविद्यालय' म्हणजे विश्वस्त मंडळाच्या ताब्यातील, स्वतःची फी स्वतः ठरविणारी, देणग्यांवर व निधीच्या उत्पन्नावर पुष्कळ अंशी चालणारी संस्था असा अर्थ घ्यावयाचा आहे. अशा संस्थेची छापील फी राज्यसंस्थांच्या विद्यापीठांपेक्षा बहुधा कितीतरी अधिक असते. तथापि ती फी पूर्ण भरणारे विद्यार्थी अनेक ठिकाणी अल्पसंख्य असतात. छापील फी आणि प्रत्यक्ष भरावयाची रक्कम यांतील हे अंतर कसे निर्माण झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : गरजाधिष्ठित साह्याच्या पद्धतीने प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने किती द्यावे या प्रश्नाचे बरेच न्याय्य उत्तर शोधले. परंतु गरीब घरांतील किती विद्यार्थ्यांना प्रवेश द्यावा, या प्रश्नास तिने कधीच हात घातला नाही. या पद्धतीसंबंधी जे वाद झाले ते मुख्यतः पहिल्या प्रश्नाभोवती फिरले. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचे हिताहित मात्र अधिक अंशी दुसऱ्यावर अवलंबून होते.

२

या इतिहासाचा आरंभ हार्वर्डच्या स्थापनेनंतर अवघ्या काही वर्षांत होतो. १६४३ मध्ये लंडनच्या लेडी ॲन मोल्सन या विधवेने एका गरीब विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी हार्वर्डला १०० पौंडांची देणगी दिली. देणगी मिळविणारे मध्यस्थ टॉमस वेल्ड हे धर्मोपदेशक होते, आणि त्या निधीचा पहिला लाभ त्यांचाच मुलगा जॉन यास मिळावा अशी तजवीज दानपत्रातच करून ठेवलेली होती. पुढे १८९४ मध्ये हार्वर्डशी संलग्न असलेल्या स्त्रियांच्या महाविद्यालयास या बाईंचे माहेरचे 'रॅडक्लिफ' हे नाव देण्यात आले. या एका दानात जुन्या साह्यपद्धतीची सारी लक्षणे आढळतात. दात्याची इच्छा, मध्यस्थाची ओळख आणि संस्थेची मर्जी यांच्या संयोगाने साह्य ठरे. गरज हा त्यातील एक घटक असे, परंतु तिचे माप नसे.

एकोणिसाव्या शतकात या व्यक्तिगत दानास संघटित रूप येऊ लागले. धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्या निर्धन तरुणांना महाविद्यालयीन शिक्षण घेता यावे म्हणून १८१५ मध्ये बॉस्टन येथे एक संस्था निघाली. 'अमेरिकन एज्युकेशन सोसायटी' या नावाने ती पुढे प्रसिद्धीस आली. या संस्थेने काही वर्षांनी देणगीऐवजी कर्ज देण्याचे धोरण स्वीकारले. विद्यार्थ्याच्या स्वावलंबनास बाध येऊ नये हे त्यामागील तत्त्व होते. देणगी बरी की कर्ज बरे, हा आजचा वाद अशा रीतीने दोनशे वर्षांचा जुना आहे.

याच शतकात एक निराळा प्रयोग केंटकी राज्यात झाला. जॉन फी या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने १८५५ मध्ये स्थापिलेल्या बेरिया महाविद्यालयाने १८९२ पासून शिकवणीची फी घेणेच बंद केले आणि प्रत्येक विद्यार्थ्याने संस्थेत काही तास काम करावे असा नियम ठेवला. यादवी युद्धानंतर तेथे गोरे व कृष्णवर्णीय विद्यार्थी एकत्र शिकत. परंतु १९०४ मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने असे सहशिक्षण बेकायदा ठरविले, १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, आणि १९५० मध्ये कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत कृष्णवर्णीयांना बेरियाचे दार बंद राहिले. फी शून्य होती. तरी ज्यांना आत येण्याचीच मुभा नव्हती त्यांना त्या शून्याचा उपयोग नव्हता. फी आणि प्रवेश या दोन भिन्न गोष्टी आहेत याचे इतके ठळक उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल.

महाराष्ट्राच्या वाचकास या जुन्या पद्धतीचे परिचित उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे एका खाजगी विद्यापीठातच, दाखल झाले. तथापि त्यांचा निर्वाह चालला तो सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत तीन वर्षांची होती आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. साह्य बाहेरून आले, व्यक्ती पाहून दिले गेले, आणि त्यास सेवेची अट जोडलेली होती. त्या काळी विद्यापीठाने स्वतः विद्यार्थ्याच्या घरची ऐपत मोजून तूट भरून काढावी, ही कल्पना अजून रूढ व्हावयाची होती.

३

ही कल्पना आकारास येण्यास दोन कारणे घडली. पहिले कारण हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स ब्रायंट कॉनंट यांचे धोरण. १९३३ मध्ये अध्यक्षपद स्वीकारताच, न्यू इंग्लंडमधील ठराविक खाजगी शाळांतून येणाऱ्या सधन घरांतील मुलांवर हार्वर्डने विसंबून राहू नये, असा त्यांनी आग्रह धरला. १९३४ मध्ये त्यांनी 'हार्वर्ड नॅशनल स्कॉलरशिप' ही योजना सुरू केली. प्रारंभी ती मध्यपश्चिमेकडील काही राज्यांपुरती होती. निवड गुणवत्तेवर होई, आणि तीसाठी १९२६ पासून सुरू झालेल्या 'स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट' या चाचणीचा उपयोग करण्यात आला. परंतु मिळावयाची रक्कम कुटुंबाच्या परिस्थितीनुसार कमीअधिक ठेवण्यात आली. मान गुणास आणि पैसा गरजेस, असा हा विभाग होता. पुढील सर्व व्यवस्थेचे बीज यात आहे.

दुसरे कारण स्पर्धेचे. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणासाठी वर्षास ५०० डॉलरपर्यंत फी सरकारने भरावयाचे ठरविले आणि खाजगी महाविद्यालयेही विद्यार्थ्यांनी भरून गेली. ही लाट ओसरू लागल्यावर चांगल्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांत चढाओढ सुरू झाली. एका संस्थेने ३०० डॉलर देऊ केले की दुसरी ५०० देई. ज्याला चार ठिकाणांहून बोलावणे असे त्याच्याकडे पैसा वाहू लागला, मग त्याच्या वडिलांची ऐपत कितीही असो. आणि तितका पैसा खऱ्या गरजूंच्या वाट्यातून कमी होऊ लागला.

या परिस्थितीत हार्वर्डचे अर्थसाह्य-अधिकारी जॉन मन्रो यांनी पालकांच्या ऐपतीचा अंदाज बांधण्याचे एक सूत्र तयार केले. त्याच दिशेने पुढे जाऊन १९५४ मध्ये 'कॉलेज बोर्ड' या महाविद्यालयांच्या संघटनेने 'कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस' नावाची यंत्रणा स्थापन केली. पालकाने आपले उत्पन्न, कर, मालमत्ता, कर्ज, मुलांची संख्या इत्यादी माहिती एका गोपनीय पत्रकात भरून या मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठवावयाची, आणि तिने ऐपतीचा हिशेब करून संबंधित महाविद्यालयांस कळवावयाचे, अशी ही रीत होती. त्याच वर्षी ईशान्येकडील आठ 'आयव्ही' विद्यापीठांनी आपसांत करार करून क्रीडापटूंना खेळासाठी शिष्यवृत्ती देऊ नये, साह्य केवळ गरजेनुसार द्यावे, असे ठरविले.

सूत्रातील तर्क एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कुटुंबाच्या उत्पन्नातून कर व निर्वाहखर्च वजा जाता शिक्षणासाठी वर्षास ६०० डॉलर देणे त्यास शक्य आहे असे ठरले. एका महाविद्यालयाचा एकूण खर्च २,००० डॉलर असेल तर विद्यार्थ्याची गरज १,४०० डॉलरची. दुसऱ्याचा ९०० डॉलर असेल तर गरज ३०० डॉलरची. दोन्ही संस्थांनी गरज पूर्ण भागविली तर कुटुंबाच्या खिशातून दोन्हीकडे ६०० डॉलरच जातात. मग विद्यार्थ्याने महाविद्यालय निवडावे ते फीकडे न पाहता शिक्षणाकडे पाहून. गरज ही अशा रीतीने विद्यार्थ्याच्या अंगचा गुण नसून, खर्च आणि ऐपत यांतील वजाबाकी होय. ही वजाबाकी शिष्यवृत्ती, कर्ज आणि नोकरी या तिहींच्या मिश्रणाने भरून काढावयाची प्रथाही याच काळात रूढ झाली.

मन्रो यांच्याविषयी एक गोष्ट येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. पुढे हार्वर्ड कॉलेजचे डीन झालेल्या या गृहस्थांनी १९६७ मध्ये ते पद सोडले आणि अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथील माइल्स कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या लहानशा, निर्धन महाविद्यालयात ते शिकवावयास गेले. ऐपतीचे सूत्र रचणारा मनुष्य अखेर त्या सूत्राच्या कक्षेत न येणाऱ्या विद्यार्थ्यांकडे गेला, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

४

महाविद्यालयांनी रचलेले हे तत्त्व सरकारने लवकरच उचलले. स्पुटनिकनंतर संमत झालेल्या १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने गरजू विद्यार्थ्यांस कर्जाची सोय केली. १९६४ मध्ये अर्धवेळ कामाची योजना आली. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने अनुदान व सरकारी हमीची कर्जे आणली. आणि १९७२ च्या दुरुस्तीने अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यास थेट मिळणारे मूलभूत अनुदान सुरू झाले. सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावावरून १९८० पासून ते 'पेल अनुदान' म्हणून ओळखले जाते. विद्यार्थी खाजगी महाविद्यालयात गेला तरी हे अनुदान त्याच्याबरोबर जात असे.

याच सुमारास प्रवेशाच्या बाजूनेही एक पाऊल पुढे पडले. किंगमन ब्रूस्टर हे येलचे अध्यक्ष असताना १९६६ च्या सुमारास त्या विद्यापीठाने, अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश द्यावयाचा आणि मग गरज भागवावयाची, असे धोरण जाहीर केले. यास 'नीड-ब्लाइंड' प्रवेश म्हणतात. आपण त्यास ऐपत-निरपेक्ष प्रवेश म्हणू. कल्पना उदात्त होती. परंतु तिच्यातील मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ऐपतीकडे डोळेझाक करणे म्हणजे गरिबांना शोधून आणणे नव्हे. उत्तम शाळा, खाजगी शिकवणी, खेळ, प्रवास आणि माजी विद्यार्थी असलेले आईबाप यांचा ठसा अर्जावर उमटतोच. निवडणाऱ्याने उत्पन्नाचा रकाना झाकला तरी तो ठसा झाकला जात नाही.

शिवाय हे धोरण सर्वत्र नव्हते. समान सूत्राच्या करारात सामील असलेल्या ब्राउन विद्यापीठाने ऐपत-निरपेक्ष प्रवेश पूर्णपणे लागू केला तो २००३ मध्ये दाखल झालेल्या वर्गापासून. उलट कनेटिकटमधील वेस्लियन विद्यापीठाने, गरज पूर्ण भागविण्याचे वचन टिकवावयाचे म्हणून, २०१२ मध्ये वर्गातील काही जागांपुरते हे धोरण सोडले. निधी मर्यादित असेल तर सर्वांना दार उघडे ठेवणे आणि आत आलेल्या प्रत्येकाची तूट भरून काढणे, या दोन वचनांपैकी एकास मुरड घालावी लागते. वेस्लियनने हे उघडपणे सांगितले.

५

आता समान सूत्राच्या कराराकडे वळू. १९५८ पासून आयव्ही विद्यापीठे व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (यापुढे 'एम्. आय्. टी.') यांचे अधिकारी दर वसंत ऋतूत एकत्र बसत. एकाहून अधिक संस्थांत ज्यांना प्रवेश मिळाला अशा विद्यार्थ्यांच्या याद्या पुढे ठेवून, प्रत्येकाच्या पालकांनी किती भरावे याविषयी एकमत करीत. या गटास 'ओव्हरलॅप' असे नाव पडले. गुणवत्तेसाठी म्हणून जादा पैसा कोणी द्यावयाचा नाही, हा या मेळाचा पाया होता.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने या प्रथेची चौकशी आरंभिली आणि मे १९९१ मध्ये १८९० च्या शर्मन कायद्याखाली, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याखाली, दावा दाखल केला. आठही आयव्ही विद्यापीठांनी दोष मान्य न करता ही प्रथा बंद करण्याचे लेखी मान्य केले. एम्. आय्. टी.ने मात्र, चार्ल्स व्हेस्ट अध्यक्ष असताना, सही करण्याचे नाकारले आणि खटला लढविला.

या खटल्यातील तात्त्विक मुद्दा इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटेल. सरकारचे म्हणणे असे की साह्य म्हणजे किमतीवरील सूट. सूट किती द्यावी याविषयी विक्रेत्यांनी संगनमत करणे हा किंमत ठरविण्याचाच प्रकार होय, आणि त्यात सूट गमावणारे विद्यार्थी हे ग्राहक होत. संस्थेचे म्हणणे असे की साह्य हे दान आहे. दात्यांनी ते खऱ्या गरजूंपर्यंत पोहोचावे म्हणून आपसांत शिस्त पाळली तर त्यात व्यापार कसला? १९९२ मध्ये फिलाडेल्फियाच्या जिल्हा न्यायालयाने सरकारच्या बाजूने निर्णय दिला. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने, हा व्यवहार व्यापारच आहे हे मान्य करूनही, त्याने साधणाऱ्या सामाजिक हिताचा पुरेसा विचार झाला नाही म्हणून खटला परत पाठविला. त्याच वर्षअखेरीस तडजोड झाली. १९९४ मध्ये काँग्रेसने एका शिक्षणविषयक कायद्याच्या ५६८ व्या कलमाने, सर्व विद्यार्थ्यांना ऐपत-निरपेक्ष प्रवेश देणाऱ्या संस्थांना ऐपत मोजण्याची समान तत्त्वे ठरविण्याची मुभा दिली. एकेका विद्यार्थ्याच्या रकमेविषयी चर्चा करण्यास मात्र मज्जाव राहिला. या कलमाच्या आधारे १९९८ मध्ये विद्यापीठाध्यक्षांचा एक गट स्थापन झाला आणि त्यास कलमाचेच नाव मिळाले.

या प्रकरणाचा शेवट आपल्या प्रतिपादनास पुष्टी देणारा आहे. जानेवारी २०२२ मध्ये काही माजी विद्यार्थ्यांनी शिकागो येथील संघ न्यायालयात या गटातील विद्यापीठांवर दावा लावला. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की यांतील अनेक संस्था देणगीदारांच्या मुलांना झुकते माप देतात. श्रीमंतांना असे प्राधान्य म्हणजे ऐपत-निरपेक्षता नव्हे. म्हणून ५६८ व्या कलमाचे संरक्षण त्यांना मिळू नये. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस कलमाची मुदत संपली, ती वाढविण्यात आली नाही, आणि गट विसर्जित झाला. २०२४ च्या आरंभापर्यंत दहा विद्यापीठांनी, दोष मान्य न करता, मिळून २८ कोटी ४० लक्ष डॉलर देण्याची तडजोड केली. तीस वर्षे 'किती द्यावे' यावर चाललेला वाद अखेर 'कोणाला घेतले' या प्रश्नापाशी येऊन ठेपला.

६

दरम्यान ऐपतीच्या मापातही दुफळी झाली होती. १९९२ च्या कायद्याने सरकारी सूत्रातून कुटुंबाच्या राहत्या घराची किंमत वगळली. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना तो दिलासा होता. परंतु अनेक खाजगी महाविद्यालयांना ते मान्य झाले नाही. कॉलेज बोर्डाच्या स्वतंत्र सूत्रानुसार ती घराचे मूल्य धरीत राहिली. तेव्हापासून एकाच कुटुंबाची दोन मापे होऊ लागली : एक सरकारी अनुदानासाठी, दुसरे संस्थेच्या स्वतःच्या पैशासाठी. मोलमजुरी करणाऱ्या आईने पूर्वी स्वस्तात घेतलेल्या घराची किंमत शहर वाढल्याने वाढली, तर एका सूत्राने ती गरीब ठरते आणि दुसऱ्याने तितकी गरीब ठरत नाही. घर विकल्याशिवाय ती किंमत हाती येत नाही, हे पालकांचे गाऱ्हाणे; ज्याला घरच नाही त्याच्याशी तुलना करता हिला काही आधार आहे, हे संस्थांचे उत्तर. दोन्हींत तथ्य आहे. माप शास्त्रीय दिसले तरी त्यात न्यायाची एक कल्पना आधीच गृहीत धरलेली असते, हे यावरून स्पष्ट व्हावे. २०२४-२५ पासून सरकारी सूत्र पुन्हा बदलले. 'अपेक्षित कौटुंबिक वाटा' हे जुने नाव जाऊन 'विद्यार्थि-साह्य निर्देशांक' हे नाव आले, आणि एकाच वेळी दोन मुले महाविद्यालयात असल्यास मिळणारी सवलत गेली.

करार मोडल्यावर स्पर्धेचे काय झाले? येथे घाईने निष्कर्ष काढता कामा नये, कारण परिणाम दोन परस्परविरुद्ध दिशांनी झाला. अतिसंपन्न संस्थांत स्पर्धा गरजूंच्या पथ्यावर पडली. प्रिन्स्टनने २००१ मध्ये साह्यातील कर्जाचा भाग काढून त्याजागी संपूर्ण अनुदान देण्याचे जाहीर केले. २००४ मध्ये हार्वर्डने ४०,००० डॉलरहून कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांकडून काहीही घ्यावयाचे नाही असे ठरविले. ही मर्यादा पुढे वाढत जाऊन २०२५-२६ साठी १ लक्ष डॉलर करण्यात आली. इतर संस्थांनाही मागोमाग जावे लागले. मात्र वाट सरळ नव्हती. विल्यम्स कॉलेजने २००८ मध्ये कर्जे काढून टाकली, आर्थिक मंदीनंतर २०१० मध्ये ती पुन्हा आणण्याचा निर्णय घेतला, आणि २०२२ मध्ये पुन्हा सर्वस्वी अनुदानाची पद्धत स्वीकारली.

उलट ज्यांचा निधी बेताचा आहे अशा बहुसंख्य खाजगी महाविद्यालयांत निराळेच घडले. तेथे साह्य हे वर्ग भरण्याचे साधन बनले. १९७० नंतरच्या दशकात बॉस्टन कॉलेजमध्ये जॅक मॅग्वायर यांनी प्रवेश, साह्य आणि उत्पन्न यांचा एकत्र विचार करणारी जी व्यवस्थापनपद्धती रूढ केली, तिचा पुढे सर्वत्र प्रसार झाला. तिच्यातील गणित असे : पूर्ण साह्य देऊन एक निर्धन विद्यार्थी घेण्याऐवजी तेवढाच पैसा थोडा थोडा सवलत म्हणून वाटला, तर उरलेली फी भरू शकणारे चार सुस्थितीतील विद्यार्थी मिळतात. या सवलतीस 'गुणवत्ता-शिष्यवृत्ती' हे नाव दिले की पालकही संतुष्ट होतात. आज खाजगी महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या छापील फीपैकी सरासरीने निम्म्याहून अधिक रक्कम सवलतीच्या रूपाने परत जाते. त्यातील काही भाग गरजूंस मिळतो. परंतु १९५४ मध्ये ज्या चढाओढीस आळा घालावयाचा होता तीच येथे रीतसर व्यवसायपद्धती होऊन बसली आहे.

७

राहिला प्रश्न संख्येचा. राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की ३८ महाविद्यालयांत उत्पन्नाच्या वरच्या एक टक्का कुटुंबांतून आलेले विद्यार्थी, खालच्या ६० टक्के कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक होते. या ३८ मध्ये आयव्ही गटातील पाच विद्यापीठे होती. म्हणजे ज्यांचे साह्य सर्वांत उदार त्याच संस्था. २०२३ च्या त्यांच्या पुढील अभ्यासात, चाचणीतील गुण सारखे असतानाही वरच्या एक टक्का घरांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या संस्थांत पोहोचतात असे आढळले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे प्राधान्य, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर गुणांचे मूल्यमापन ही त्याची कारणे त्यांनी दिली.

दुसऱ्या बाजूने कॅरोलाइन हॉक्सबी व ख्रिस्तोफर एव्हरी यांच्या संशोधनाने असे दाखविले की उत्तम गुणांच्या निर्धन विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी अशा निवडक महाविद्यालयांकडे अर्जच करीत नाहीत. साह्यामुळे तेथील प्रत्यक्ष खर्च त्यांना जवळच्या साध्या महाविद्यालयाहून कमी आला असता, तरीही. हे विद्यार्थी मोठ्या शहरांतील नामांकित शाळांत नसतात. लहान गावांत एकेकटे विखुरलेले असतात. त्यांच्या शिक्षकाने अशा महाविद्यालयात कोणास पाठविलेले नसते, आणि त्यांच्या घरी छापील फीचा आकडा पाहूनच पत्रक मिटले जाते. ऐपतीचे सूत्र कितीही न्याय्य असले तरी ते अर्ज आल्यावर चालू होते. जो अर्जच करीत नाही त्याची वजाबाकी कोणीच मांडीत नाही.

या विवेचनावरून गरजाधिष्ठित साह्याची पद्धत निष्फळ ठरली असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. लेडी मोल्सनच्या दानापासून आजपर्यंतचा प्रवास पाहिला तर ओळखीच्या जागी नियम आला, कृपेच्या जागी हिशेब आला, आणि असंख्य निर्धन विद्यार्थ्यांना ज्यांचे नावही उच्चारण्याची एरव्ही छाती झाली नसती अशा संस्थांत शिकता आले. हे कार्य लहान नव्हे. परंतु या पद्धतीचे मूल्यमापन करताना तिने कोणता प्रश्न सोडविण्याचे पत्करले होते आणि कोणता पत्करलाच नव्हता, याचा विवेक राखणे अगत्याचे आहे. प्रतिविद्यार्थी साह्य किती वाढले हा आकडा संस्था अभिमानाने प्रसिद्ध करतात, आणि तो खोटा नसतो. त्याच्या शेजारी, त्या वर्षी अल्प उत्पन्नाच्या घरांतून किती जण आत आले, हा दुसरा आकडा ठेवून पाहिल्याशिवाय मात्र पहिल्याचा अर्थ पुरता लागत नाही. संस्थांच्या साह्याचा इतिहास लिहिणाऱ्याने, तो कोणत्याही देशाचा असो, हे दोन रकाने आरंभापासूनच वेगळे आखून घ्यावेत, एवढीच सूचना या निमित्ताने कराविशी वाटते.